जनरेटर बाल्कनीत नको

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही पेट्रोलवर चालणारा एक स्वस्तातला छोटा जनरेटर घेतला. त्याच्यावर २५०० वॉट असं लिहिलेलं आहे. सासऱ्यांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो, त्यामुळे वीज गेली की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. सुरुवातीला एक-दोनदा वापरला, मग तो जिन्याखाली तसाच पडून राहिला. मागच्या वादळात दोरी ओढून ओढून हात भरून आले, पण सुरू झाला नाही. मेकॅनिकने कार्बोरेटर साफ करून दिला. आता सुरू होतो, पण आवाज सारखा वर-खाली होतो आणि दिवे लुकलुकतात. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, खाली मोकळी जागा आहे. पाऊस आणि चोरी या दोन्हींची धास्ती म्हणून यजमान म्हणतात, बाल्कनीत ठेवू आणि दार लावून घेऊ. धाकटे दीर म्हणतात, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली की घरभर वीज येईल. हे बरोबर आहे का? त्यावर फ्रिज आणि पाण्याची मोटार चालेल का? की हा विकून मोठाच घ्यावा?

उत्तर : ताई, नमस्कार.

पत्रात तुम्ही आवाजाबद्दल सगळ्यात जास्त काळजीने विचारलंय, पण मी आधी बाल्कनीबद्दल बोलतो. आवाजाचं काम एका दुपारचं आहे. बाल्कनीतल्या जनरेटरने माणसं दगावतात.

पेट्रोलचं इंजिन चालू असलं की सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की ठसका लागत नाही. आपल्याला धुराचा जो वास येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा. तो वास येत नाही म्हणजे हा वायूही नाही, असं कधीच धरायचं नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक जोराने धरून ठेवतं. त्यामुळे हवेत तो थोडासा असला तरी रक्तात साठत जातो. आधी डोकं दुखतं, मग गरगरतं, मळमळतं, हातापायांतलं बळ जातं. जागा असलेला माणूस निदान उठून बाहेर जाईल. झोपलेल्याला यातलं काही कळत नाही, आणि तुमचा जनरेटर चालणार तो बहुतेक रात्रीच.

दार लावून घेतल्याने काही साधत नाही. दाराखालची फट, वरची झडप, बाजूच्या खोलीची खिडकी, एवढ्या वाटा त्याला पुष्कळ झाल्या. त्यातून तुमच्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत, त्या घरातल्या प्रत्येकाला नीट समजावून सांगा. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन कुठून आणतो? खोलीतल्याच हवेतून. म्हणजे बाल्कनीतून आत शिरलेली हवा तो ओढून घेणार आणि ती सासऱ्यांच्या नाकाशी जाणार. दुसरी गोष्ट ऑक्सिमीटरची. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. माणसाला विषबाधा होत असते आणि पडद्यावर आकडा ९७-९८ दिसत राहतो. तुम्ही रात्री उठून तो आकडा पाहणार, निश्चिंत होणार आणि परत झोपणार. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

तेव्हा जनरेटर खाली, मोकळ्या जागेत. घराच्या भिंतीपासून निदान ६ मीटर म्हणजे वीस फूट लांब, आणि सायलेन्सरचं तोंड तुमच्याही खिडक्यांकडे नको, शेजाऱ्यांच्याही नको. गॅरेजचं शटर उघडं ठेवून, जिन्याखाली, व्हरांड्यात, पार्किंगच्या छताखाली भिंतीला लागून, यातलं काहीही चालत नाही. झोपायच्या खोलीजवळ बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धुराचा अलार्म वेगळा असतो, त्याला हा वायू कळत नाही. हा अलार्म वाजला, किंवा घरात एकापेक्षा अधिक जणांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना, सासऱ्यांना धरून, आधी मोकळ्या हवेत न्या, मग जनरेटर बंद करा, आणि दवाखान्यात गेल्यावर ‘घराजवळ जनरेटर चालू होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

खालची मोकळी जागा तुम्ही लिहिता तेवढी नसेल, मोजल्यावर सहा मीटर भरत नसतील, तर पेट्रोलचा जनरेटर तुमच्या घरासाठी नाही. मग बॅटरीच्या इन्व्हर्टरवरच सगळी व्यवस्था बसवायला हवी. हे ऐकायला जड जाईल, पण यात मधला मार्ग नाही.

पावसाचं म्हणाल तर फरशीचा किंवा विटांचा वीतभर उंच ओटा करा, त्यावर चार खांब आणि पत्र्याचं छप्पर, चारी बाजू उघड्या. चालू जनरेटरवर ताडपत्री किंवा प्लास्टिक टाकू नका. इंजिन हवेवर थंड होतं आणि सायलेन्सर प्लास्टिक पेटेल इतका तापतो. ओल्या हाताने प्लग लावायचा-काढायचा नाही. चोरीसाठी ओट्यात एक लोखंडी कडी पक्की बसवून घ्या आणि जनरेटरच्या चौकटीतून साखळी ओवून कुलूप लावा. काम झालं, यंत्र गार झालं, की उचलून आत ठेवता येतं, पण टाकीत पेट्रोल असताना नाही.

आता दिरांच्या वायरीबद्दल. त्यांना रागावू नका, ही युक्ती पुष्कळ जण करतात, पण त्यांना ती करू देऊ नका. भिंतीच्या सॉकेटमधून दिलेली वीज घरापुरती थांबत नाही. ती तुमच्या मेन स्विचमधून मागे रस्त्यावरच्या तारांवर जाते आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट्या बाजूने शिरते. जो ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्टचे घरगुती व्होल्ट करतो, तोच उलट वीज मिळाली की घरगुती व्होल्टचे हजारो व्होल्ट करतो. वादळानंतर खांबावर चढलेला लाइनमन ती तार मृत आहे असं समजून हात लावत असतो. ‘मेन स्विच आधी बंद करू’ असं दीर म्हणतील. एखाद्या रात्री, अंधारात, घाईत तो राहून जाईल, आणि या चुकीची किंमत दुसराच माणूस मोजेल. शिवाय त्या वायरीचं एक टोक जनरेटरमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या आणि जिवंत असतात. घरात कुणीही त्यांना हात लावू शकतं. आणि जनरेटर चालू असताना बाहेरची वीज परत आली तर जनरेटरचं वाइंडिंग जळतं, कधी कधी आग लागते.

घरातल्या वायरिंगला जनरेटर जोडायचाच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. त्याची रचनाच अशी असते की घर एकतर बाहेरच्या विजेला जोडलं जातं, नाहीतर जनरेटरला. दोन्हींना एकदम जोडणं हाताने करायचं म्हटलं तरी होत नाही. त्याच वेळी जनरेटरच्या अर्थिंगचं आणि न्यूट्रलचंही त्यांना पाहायला सांगा. लहान जनरेटरचा न्यूट्रल बऱ्याचदा मोकळा, म्हणजे अर्थिंगला न जोडलेला असतो, आणि तसा असला तर गळतीची वीज तोडणारा स्विच अपेक्षेप्रमाणे काम करीलच असं नाही. हे काम स्वतः करण्यातलं नाही.

स्विच बसेपर्यंत एक्स्टेंशन वायर चालेल. ती बारीक नको. फक्त दिवे लावायच्या वायरीवर फ्रिज लावला तर सुरू होताना व्होल्टेज इतकं पडतं की मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणत तापते. तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटरची, बाहेर वापरायची म्हणून जाड आवरणाची घ्या. ती पूर्ण उलगडून वापरा, कारण गुंडाळी तशीच ठेवून भार टाकला तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. ज्या खिडकीतून वायर आत घ्याल तिची उरलेली फट कापडाने बुजवा.

एवढं झालं, आता आवाज.

तुमचं इंजिन भूक लागल्यासारखं वागतंय. त्याला हवा पुरेशी मिळते, पेट्रोल कमी मिळतं. इंजिनचे फेरे पडले की गव्हर्नर, म्हणजे फेरे सारखे ठेवणारी यंत्रणा, थ्रॉटलची झडप उघडतो, फेरे वाढतात, गव्हर्नर परत आवळतो, पुन्हा पडतात. हेच चक्र तुम्हाला आवाजात ऐकू येतं आणि दिव्यांत दिसतं. खात्री करून घ्यायची सोपी रीत आहे. इंजिन पाच मिनिटं गरम होऊ द्या आणि चोकचा दांडा हळूहळू अर्ध्यावर आणा. चोक अर्धा लावला की हवा कमी होते. त्याबरोबर आवाज एकसारखा झाला तर निदान पक्कं झालं. आणखी एक खूण बघा. रिकामं चालताना हेलकावे आणि इस्त्रीसारखा भार टाकला की शांत, असं होत असेल तर दोष बहुधा पायलट जेटमध्ये, म्हणजे रिकामं चालताना पेट्रोल देणाऱ्या कार्बोरेटरमधल्या जेटमध्ये आहे.

हे जेट म्हणजे पितळेचा किंवा प्लास्टिकचा इवलासा तुकडा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. जुनं पेट्रोल उडून गेलं की मागे चिकट पिवळसर राळ राहते, ती नेमकी इथे बसते. मेकॅनिकने बहुतेक कार्बोरेटरच्या तळाची वाटी काढून पुसली असेल, भारावर पेट्रोल देणाऱ्या मेन जेटमधून हवा मारली असेल आणि पायलट जेट काढलंच नसेल. वरून स्प्रे मारून हे साफ होत नाही. त्याला सांगा, पायलट जेट बाहेर काढा, कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि उजेडासमोर धरून बघा. भोक वाटोळं आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. सुई घालू नका म्हणावं, सुईने भोक मोठं होतं आणि मग ते जेट कायमचं बिघडतं. वायरीतली तांब्याची एकच बारीक तार फिरवली तर चालते, तांबं पितळेपेक्षा मऊ. जोडताना कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट फाटलेलं नाही ना, नट ढिले नाहीत ना, हेही बघायला हवं, कारण तिथून हवा आत ओढली गेली तरी अगदी असाच आवाज येतो.

एक गोष्ट मात्र त्याला करू देऊ नका. गव्हर्नरचा स्क्रू फिरवून ‘रेस वाढवून देतो’ म्हणाला तर थांबवा. या जनरेटरमध्ये फेरे आणि वीज एकमेकांना बांधलेले असतात. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या विजेसाठी मिनिटाला ३००० फेरे, जिथे ६० हर्ट्झची वीज असते तिथे ३६००. फेरे वाढवले की हर्ट्झ वाढतात, बऱ्याचदा व्होल्टेजही वाढतं, आणि तुमच्याकडे दुसऱ्या टोकाला कॉन्सन्ट्रेटर आहे. सॉकेटला लावून व्होल्ट आणि हर्ट्झ दाखवणारा छोटा मीटर मिळतो, तो घेऊन ठेवा. ५० हर्ट्झच्या जनरेटरला रिकामं चालताना ५२च्या आसपास आणि भार टाकल्यावर ५०च्या आसपास दिसणं ठीक. आकडा नाचत असेल तोवर त्यावर कुठलंही नाजूक यंत्र लावायचं नाही.

आणि कधी असं झालं की जनरेटर वीस मिनिटं छान चालून बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो, तर टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. या एवढ्याशा भोकापायी लोक कार्बोरेटर बदलून बसतात.

ताई, तुमचं यंत्र स्वस्त आहे म्हणून अडून बसलं असं मला वाटत नाही. ते टाकीत पेट्रोल ठेवून पडून राहिलं, म्हणून अडून बसलं. महागडं असतं तरी जिन्याखाली वर्षभर तसंच ठेवल्यावर हेच झालं असतं. पेट्रोल टिकाऊ नसतं. काही आठवड्यांत त्यातला चटकन पेटणारा भाग उडून जायला लागतो, आणि त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल शोषून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळं होऊन बसतं, आणि कार्बोरेटरला पहिल्यांदा तेच मिळतं.

म्हणून महिन्यातून एक दिवस ठरवा. सुट्टीचा असेल तर घरातले दोघं-तिघं हजर असतात, सगळ्यांचा हात बसतो. जनरेटर ओट्यावर आणा, तेल बघा, टाकीत अर्धा लिटर ताजं पेट्रोल घाला. पेट्रोल कॉक उघडा, स्विच चालूवर, चोक लावा. दोरी आधी हळू ओढा, अडल्यासारखी लागेपर्यंत. तिथून एक लांब, जोराचा ओढा द्या. सुटलेली दोरी झटक्याने परत जाऊ देऊ नका, हाताने सोडत न्या, नाहीतर आतली स्प्रिंग तुटते. सुरू झाला की मिनिटाभरात चोक काढा, दोन-तीन मिनिटं रिकामा चालवा, मग भार लावा. तुमच्या जनरेटरला इस्त्री हा उत्तम भार आहे. वीस मिनिटं तसाच चालू द्या. रिकामा चालवून भागत नाही. भाराशिवाय इंजिन नीट तापत नाही, प्लगवर काजळी धरते, आणि वीज नीट निघते की नाही हेही कळत नाही. इंजिन चालू पण वीजच नाही, असाही बिघाड होतो, आणि तो आणीबाणीच्या रात्री कळण्यापेक्षा सुट्टीच्या दुपारी कळलेला बरा.

शेवटी भार काढा, दोन मिनिटं रिकामा चालवा आणि स्विचने बंद करू नका. पेट्रोल कॉक बंद करा. इंजिन कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल पिऊन आपोआप बंद पडेल. गार झाल्यावर वाटीच्या तळाचा छोटा स्क्रू सैल करून राहिलेले थेंबही भांड्यात काढा. टाकीत उरलेलं पेट्रोल डब्यात ओता आणि गाडीत वापरून टाका. तुम्ही ही एवढी एक सवय लावून घेतलीत तरी मेकॅनिकच्या बहुतेक फेऱ्या वाचतील. पुढचे काही महिने चालवणार नसाल तर टाकी कोरडी करा, आणि दोरी हळू ओढून जिथे अडते तिथेच सोडून द्या. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, सिलिंडरमध्ये ओल शिरत नाही.

पेट्रोल इंधनासाठीच्या झाकणबंद डब्यात ठेवा, घरात नाही, आणि सासऱ्यांच्या खोलीच्या आसपास तर मुळीच नाही. चालू किंवा तापलेल्या जनरेटरमध्ये पेट्रोल ओतायचं नाही. बंद करून पंधरा मिनिटं थांबा, टाकी काठोकाठ भरू नका. लोकांना भाजतं ते बहुतेक याच वेळी, कारण अंधार असतो आणि घरातून ‘लवकर करा’ असं कुणीतरी ओरडत असतं.

तेलाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून विचारतो : पहिलं तेल बदललंत का? तुम्ही लिहिलेल्या वॉटवरून इंजिन फोरस्ट्रोक असणार, त्यात तेल वेगळं भरायचं असतं. अशा लहान इंजिनांना बहुधा ऑइल फिल्टर नसतो. आतला दांडा तेल उडवतो आणि त्यावरच सगळे भाग ओले राहतात. नव्या इंजिनात धातूचा जो बारीक चुरा पडतो तो त्याच तेलात फिरत राहतो, म्हणून पहिले वीस तास झाले की तेल बदलायचं. पुढे ५० ते १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल ते. साधारण अर्धा लिटर लागतं, ग्रेड पुस्तिकेत दिलेली असते, बहुतेक ठिकाणी १०डब्ल्यू-३०. इंजिन किंचित कोमट असताना काढा, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. पातळी बघताना यंत्र सपाट जमिनीवर हवं. तेल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर यात बहुधा असतो. उतारावर ठेवलं तर तेल पुरेसं असूनही तो स्पार्क तोडतो आणि आपण उगाच दोरी ओढत बसतो. मागच्या वादळात हेही झालं असू शकेल. प्लग वर्षातून एकदा बदला, फट ०.७ मिलिमीटरच्या आसपास. एअर फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, तेलाचे थोडे थेंब टाकून पिळून बसवा.

आता काय काय चालेल ते. २५०० हा आकडा बहुधा काही क्षणांपुरत्या जास्तीत जास्त ताकदीचा असतो. सलग चालवायची क्षमता पाटीवर शेजारी बारीक अक्षरात दिलेली असते, ती २००० किंवा त्याच्या आसपास असेल. स्वस्त यंत्र तासन्‌तास चालवायचं तर त्यातलेही १५०० वॉटच आपले धरा. कॉन्सन्ट्रेटर मिनिटाला पाच लिटर देणारा असेल तर ३५० वॉट, दोन पंखे दीडशे, दिवे-राउटर-चार्जर मिळून शंभर. हे सहाशे झाले. फ्रिज चालताना दीडशेच घेतो, पण त्याची मोटार सुरू होताना काही क्षण हजार वॉटपर्यंत ओढते. बसतं, पण काठावर, आणि त्या क्षणी व्होल्टेज डचमळतं. म्हणून फ्रिज आणि कॉन्सन्ट्रेटर एकाच वेळी नको. दार उघडलं नाही तर फ्रिज चार तास थंड राहतो. रात्रभर त्याची चिंता करू नका, सकाळी तासभर लावा.

पाण्याची मोटार अर्ध्या अश्वशक्तीची असली तरी सुरू होताना चालत्या भाराच्या तिप्पट-चौपट वीज ओढते. बाकी सगळं काढून, दिवसा, फक्त तीच लावून बघता येईल. आवाज दबला आणि मोटार फिरली नाही तर लगेच बंद करा. एक अश्वशक्तीची असेल तर प्रयत्नच नको.

कॉन्सन्ट्रेटरचं मी वेगळं सांगतो, कारण तुम्ही हा जनरेटर त्याच्यासाठीच घेतलाय. तो थेट या जनरेटरवर लावू नका. स्वस्त जनरेटरची वीज भार बदलला की हलते, आणि पेट्रोल भरायला थांबलात की वीस मिनिटं वीजच नाही. मध्ये बॅटरी घाला. शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे बाहेरच्या विजेसारखी सुरळीत वीज देणारा इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टची १५० अँपियर-तासाची चांगली बॅटरी ३५० वॉटचं यंत्र साधारण तीन तास चालवते. कॉन्सन्ट्रेटर कायम इन्व्हर्टरवर, आणि जनरेटरने इन्व्हर्टरची बॅटरी भरायची. असं केलं की वीज जाताच धावपळ नाही, जनरेटर सावकाश सुरू करता येतो, पेट्रोल भरताना खंड पडत नाही. इन्व्हर्टर निवडताना तो जनरेटरवरून बॅटरी भरू शकतो ना, हे नक्की विचारा. काही इन्व्हर्टर हर्ट्झ जरा हलले की ती वीज घेतच नाहीत. आणि ही सगळी यंत्रं एखाद्या रात्री एकदम बंद पडली तर? त्यासाठी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर घरात असलाच पाहिजे. केवढा, किती प्रवाहाने, किती तास पुरेल, हे सासऱ्यांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि रेग्युलेटर लावायला घरातल्या निदान दोघांना आधीच शिकवा.

त्यामुळे मोठा जनरेटर घेऊ नका असंच माझं मत आहे. मोठा म्हणजे जास्त पेट्रोल, जास्त धूर, आणि तुमच्या सहाशे-सातशे वॉटच्या गरजेसाठी तो बहुतेक वेळ अर्धाही भरणार नाही. हाच ठेवा. त्याच पैशांत आधी अलार्म आणि सिलिंडर, मग इन्व्हर्टर-बॅटरी, मग चेंजओव्हर स्विच, या क्रमाने घ्या. पायलट जेट साफ केल्यावरही आवाज बसला नाही, तर चोक अर्धा लावल्यावर काय होतं आणि भार टाकल्यावर काय होतं, या दोन गोष्टी लिहून पुन्हा पत्र पाठवा. तेवढ्यावरून पुढचं सांगता येईल.